हलक्या बिअरचा जड हिशेब

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला सॉमरसेटमध्ये विव्हलिस्कम नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथल्या गोल्डन हिल ब्रुअरीने १९८६ साली आपला हजारावा घाणा साजरा करायचं ठरवलं. नेहमीची तपकिरी बिअर बाजूला ठेवून एकदाच काहीतरी वेगळं उकळायचं, एवढाच बेत होता. भाजलेला गडद माल्ट वगळला, फक्त फिकट माल्ट वापरला, आणि साडेचार टक्के मद्यार्काची एक सोनेरी बिअर तयार झाली. तिचं नाव ‘एक्समूर गोल्ड’. एका प्रसंगापुरती काढलेली ही बिअर गिऱ्हाइकांनी पुन्हा पुन्हा मागितली आणि ती कायमची राहिली. आज ज्या प्रकाराला गोल्डन एल म्हणतात, त्यातली पहिली म्हणून बहुतेक जण तिचंच नाव घेतात. मँचेस्टरची बॉडिंग्टन्स बिटर त्याच्या कितीतरी आधीपासून फिकट सोनेरी होती, तेव्हा पहिलेपणाचा मान कुणाचा यावर तिकडच्या पबमध्ये अजूनही वाद घालता येतो.

या बिअरचा मोठा गुण तिचा हलकेपणा. भर उन्हाळ्यात, दुपारच्या जेवणाआधी, सावलीत बसून एक ग्लास सावकाश प्यावा आणि त्यानंतरही माणसाने शुद्धीवर राहून गप्पा माराव्यात, यासाठी ती बनलेली आहे. महाराष्ट्रात नेमका हाच गुण दुकानात, बारमध्ये आणि सरकारच्या तिजोरीतही कुणाच्या कामाचा नाही. इथे बिअर विकली जाते ती ‘चढण्या’वर. ही सवय लोकांच्या स्वभावातून जितकी आली, तितकीच ती नियमांनी आणि किमतींनी घडवलेली आहे. नियम बदलता येतात, म्हणून हा विषय नुसत्या चवीचा राहत नाही.

एक्समूर गोल्ड आली तेव्हा ब्रिटनमधले लहान ब्रुअर अडचणीत होते. पबमध्ये परंपरेने तपकिरी, किंचित कोमट वाटणारी बिटर मिळे. तरुण गिऱ्हाईक मात्र थंडगार, पारदर्शक, पिवळ्या लागरकडे वळत होतं. १९७६च्या कडक उन्हाळ्याने लागरला मोठाच हातभार लावला, असं तिकडे मानतात. लागर बनवणं लहान ब्रुअरला परवडत नव्हतं. लागरचं यीस्ट दहा-बारा अंशांच्या थंडीत सावकाश काम करतं, मग बिअर आठवडेच्या आठवडे थंड टाक्यांत मुरवावी लागते. म्हणजे टाक्या जास्त, विजेचा खर्च जास्त, आणि पैसा अडकून पडतो. एलचं यीस्ट वीस अंशांच्या आसपास झपाट्याने आंबवतं आणि दोन-तीन आठवड्यांत माल गिऱ्हाइकासमोर जातो. तेव्हा रंग लागरचा ठेवायचा, चव एलची आणि वेळही एलचाच, असा हा तोडगा होता. धंद्याच्या निकडीतून इतकी देखणी गोष्ट क्वचितच निघते.

दोन-तीन वर्षांत सॉल्झबरीच्या हॉप बॅक ब्रुअरीने ‘समर लाइटनिंग’ आणली. एका पबच्या तळघरात सुरू झालेल्या या ब्रुअरीने बिअरचं नाव घेतलं पी. जी. वुडहाउसच्या १९२९ सालच्या कादंबरीवरून. पु. ल. देशपांड्यांमुळे वुडहाउसशी ओळख झालेल्या मराठी वाचकाला हे ऐकून बरं वाटेल. समर लाइटनिंग पाच टक्क्यांची, म्हणजे या घराण्यात जरा दणकटच. पण तिच्या यशाने बाकीच्यांना धीर आला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत गावोगावच्या ब्रुअरींनी आपापली सोनेरी एल काढली.

पारंपरिक बिअर टिकवण्यासाठी १९७१ साली स्थापन झालेल्या ‘कॅम्रा’ या ग्राहक चळवळीची ‘चँपियन बिअर ऑफ ब्रिटन’ ही स्पर्धा तिकडे मानाची समजली जाते. २००३ साली ती स्कॉटलंडच्या हार्वीस्टन ब्रुअरीच्या ‘बिटर अँड ट्विस्टेड’ने जिंकली. २००४ साली शेफील्डची ‘पेल रायडर’ पहिली आली, तर २००५ आणि २००६ अशी लागोपाठ दोन वर्षं एसेक्सच्या क्राउच व्हेल ब्रुअरीची ‘ब्रुअर्स गोल्ड’. सगळ्या फिकट, सोनेरी. यातली बिटर अँड ट्विस्टेड ३.८ टक्क्यांची आणि ब्रुअर्स गोल्ड चार टक्क्यांची. देशातली सर्वोत्तम बिअर निवडायला बसलेल्या जाणकारांनी चार टक्क्यांच्या बिअरला दोनदा पहिला नंबर दिला, हे ‘स्ट्राँग म्हणजे चांगली’ मानणाऱ्यांनी जरा लक्षात घ्यावं.

आता ग्लासाकडे वळू. गोल्डन एल दिसायला साधी असली तरी बनवायला अवघड. सगळा खेळ बार्ली, हॉप्स, यीस्ट आणि पाणी एवढ्यावर. बार्ली भिजवून तिला मटकीसारखे मोड आणतात. मोड आले की दाण्यातल्या पिष्टाची साखर करणारी विकरं जागी होतात. मग दाणे भट्टीत वाळवतात, हाच माल्ट. भट्टी जितकी कडक, तितका माल्ट गडद. गोल्डन एलसाठी तो ऐंशी-नव्वद अंशांच्या आसपास वाळवून फिकटच ठेवतात. इंग्लंडमध्ये त्यासाठी ‘मॅरिस ऑटर’ या वाणाची बार्ली लोकप्रिय आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी १९६०च्या दशकात काढलेलं हे वाण शेतात उत्पन्न कमी देतं, पण चवीसाठी ब्रुअर त्याला जास्त पैसे मोजतात.

माल्ट भरड दळून पासष्ट-सदुसष्ट अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतात. इथे दोन अंशांनीही फरक पडतो. पाणी थोडं कमी गरम असेल तर बहुतेक साखर यीस्टला खाता येते आणि बिअर कोरडी, चटपटीत होते. थोडं जास्त असेल तर न आंबणारी साखर मागे राहते आणि बिअर जड, गोडसर लागते. उन्हाळी दुपारची बिअर कोरडीच हवी. गोडसर बिअरचा पहिला घोट छान लागतो, पण अर्ध्या ग्लासात कंटाळा येतो.

मग हॉप्स. या वेलीची हिरवी फुलं उकळीत सुरुवातीला घातली तर तासाभरात कडवटपणा उतरतो, शेवटच्या पाच-दहा मिनिटांत घातली तर सुगंध राहतो. केंट परगण्यातल्या गोल्डिंग हॉप्सला मधाचा आणि वाळक्या गवताचा वास असतो. १९७२ साली अमेरिकेत आलेल्या कॅस्केडला पपनसाचा आणि फुलांचा. पपनस सोलताना बोटांना जो कडवट-गोड वास लागतो, तो आठवला की कॅस्केड ग्लासात लगेच ओळखता येतो. चांगल्या गोल्डन एलमध्ये आधी हा सुगंध नाकाला जाणवतो, मग जिभेवर बिस्किटाची, ताज्या पावाची चव येते आणि घोट गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला कडवटपणाची एक स्वच्छ रेघ राहते. ती रेघ फार वेळ रेंगाळत नाही. पुढचा घोट घ्यावासा वाटतो तो त्यामुळेच.

या बिअरमध्ये लपायला जागा नाही. काळ्या स्टाउटमध्ये भाजक्या माल्टच्या आड बरंच काही झाकलं जातं. गोल्डन एलमध्ये यीस्टने घाई केली तर लोण्याचा किंवा हिरव्या सफरचंदाचा वास लगेच येतो, आणि हवा लागून शिळी झालेली बिअर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. उन्हाळी दुपारी तर आणखी एक शत्रू असतो, ऊन. उन्हातल्या अतिनील किरणांनी हॉप्समधली द्रव्यं फुटतात आणि एक गंधकयुक्त, उग्र दर्प तयार होतो. तपकिरी बाटली यापासून बरंच संरक्षण देते, हिरवी फारसं नाही, पारदर्शक तर मुळीच नाही. ग्लास थेट उन्हात ठेवला तर काही मिनिटांतच वास फिरू लागतो. जाहिरातींतली ती झळाळत्या उन्हातली चमचमती बिअर फोटोपुरतीच ठीक. प्यायची असेल तर सावलीत बसावं.

महाराष्ट्रात या बिअरचा पहिला घात फ्रीज करतो. बर्फाच्या थराने पांढरा झालेला मग आणि दोन-तीन अंशांची ‘चिल्ड’ बिअर हीच इथे उत्तम पाहुणचाराची खूण मानली जाते. इतक्या थंडीत जीभ बधिर होते आणि सुगंध ग्लासातच अडकून राहतो. ब्रिटिश पबमध्ये पिंपातली एल अकरा ते तेरा अंशांना देतात. पुण्या-नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो तेव्हा ते तापमान इथे लागू करणं हट्टीपणाचं ठरेल. आठ अंश मात्र पुरेसे थंड असतात. ग्लास मोठा घेण्यापेक्षा लहान घ्यावा, म्हणजे शेवटचा घोट कोमट होण्याआधी संपतो. चखण्याचंही तसंच. हॉप्सचा कडवटपणा आणि मिरचीचा तिखटपणा एकमेकांना चढवतात. मसाला शेंगदाण्यापेक्षा खारे दाणे, तिखटजाळ चिकनपेक्षा रव्यात तळलेला बोंबील या बिअरशी जास्त जमतो.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बिअर तहान भागवत नाही. मद्यार्कामुळे शरीरात पाणी धरून ठेवणारं संप्रेरक दबतं आणि लघवी वाढते. चाळीस अंशांच्या दुपारी आधी पाणी, ताक नाहीतर कोकम सरबत, बिअर त्यानंतर. गाडी चालवायची असेल तर तीही नको.

महाराष्ट्रात अशी बिअर बनवणारे आहेत का? आहेत, आणि बरे आहेत. पुण्यात २००९ साली डुलाली सुरू झाली, तेव्हापासून राज्यात मायक्रोब्रुअरींचं युग आलं असं म्हणता येईल. पुढे मुंढव्यात इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी आली, पुण्यातच ग्रेट स्टेट एलवर्क्स उभी राहिली, डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत गेटवे ब्रुइंगची भट्टी लागली. गव्हाच्या ढगाळ, केळ्या-लवंगेच्या वासाच्या जर्मन पद्धतीच्या बिअरने या मंडळींना पहिलं गिऱ्हाईक मिळवून दिलं. सोनेरी एल तिच्या मागून आली आणि अजूनही फळ्यावर खालच्या ओळीत असते. बार्ली येते राजस्थान-हरियाणाच्या रब्बी हंगामातून, हॉप्स बहुतांश परदेशातून. लाहौलच्या खोऱ्यात हॉप्सची थोडी लागवड होते, पण देशाची गरज तेवढ्यावर भागत नाही.

अडचण दाराबाहेर आहे. मायक्रोब्रुअरीतल्या एका ग्लासाच्या पैशात कोपऱ्यावरच्या बिअर शॉपीत स्ट्राँगच्या दीड-दोन बाटल्या येतात. गिऱ्हाईक हिशेबी असतं, आणि त्याचा हिशेब समजून घेतल्याशिवाय त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

चार टक्क्यांच्या ३३० मिलिलिटर बिअरमध्ये शुद्ध मद्यार्क असतो साधारण १३ मिलिलिटर. आठ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत ५२. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या साठच्या पेगमध्ये जवळपास २६. म्हणजे ‘आपण तर फक्त बिअर पितो’ असं म्हणत स्ट्राँगची एक मोठी बाटली संपवणारा माणूस व्हिस्कीचे दोन लार्ज पेग पिऊन उठलेला असतो. घरच्यांना आणि पुष्कळदा त्याला स्वतःलाही याचा पत्ता नसतो. देशात विकल्या जाणाऱ्या बिअरमधला सगळ्यात मोठा वाटा या स्ट्राँगचाच आहे. जगात बिअर हे सौम्य पेय समजलं जातं. भारतात ती बाटलीत भरलेली पातळ दारू होऊन बसली आहे.

याचं एक कारण कायद्याच्या रेघेत सापडतं. अन्नसुरक्षेच्या २०१८च्या मानकांनुसार पाच टक्क्यांपर्यंत सौम्य आणि त्यापुढे आठ टक्क्यांपर्यंत स्ट्राँग अशा बिअरच्या दोनच जाती आहेत. महाराष्ट्राची उत्पादन शुल्काची विभागणीही सौम्य आणि स्ट्राँग या दोन कप्प्यांभोवतीच फिरते. परिणाम असा, की साडेतीन टक्क्यांची बिअर आणि पावणेपाच टक्क्यांची बिअर एकाच कप्प्यात, सव्वापाच आणि आठ दुसऱ्या कप्प्यात. एकदा रेघ ओलांडली की कंपनीने सहावर का थांबावं? आठपर्यंत जाऊन गिऱ्हाइकाला ‘पैसे वसूल’ का वाटू देऊ नये? आणि रेघेच्या अलीकडे राहणाऱ्याने साडेतीनवर उतरण्याचे कष्ट कशासाठी घ्यावेत?

ब्रिटनने हे गणित बदलून पाहिलं आहे. २००२ साली तिथे लहान ब्रुअरींना शुल्कात सवलत सुरू झाली. वर्षाला ५,००० हेक्टोलिटरपर्यंत बिअर बनवणाऱ्याला निम्मंच शुल्क. गल्लीबोळातल्या शेकडो ब्रुअरी त्या आधारावर उभ्या राहिल्या. मग १ ऑगस्ट २०२३ पासून सगळ्याच मद्यांचं शुल्क मद्यार्काच्या प्रमाणावर बांधलं गेलं. साडेतीन टक्क्यांखालच्या बिअरला दर लिटर शुद्ध मद्यार्कामागे ९.२७ पौंड, साडेतीन ते साडेआठ टक्क्यांपर्यंतच्या बिअरला २१.०१ पौंड, असे तेव्हाचे दर होते. अर्धा लिटरची बाटली चार टक्क्यांची असेल तर तिच्यावर ४२ पेन्स, ३.४ टक्क्यांची असेल तर १६ पेन्स. ०.६ टक्क्याच्या फरकाला २६ पेन्स! साहजिकच ३.४ टक्क्यांच्या बिअर भराभर बाजारात आल्या. त्यातल्या काही पाणचट आहेत, यात शंका नाही. नामांकित बिअर पातळ करून जुन्याच भावाने विकल्याच्या तक्रारीही तिकडे झाल्या. पण कमी मद्यार्कात भरघोस चव कशी आणायची, यावर कसबी ब्रुअरांनी डोकं लावलं ते याच दरांमुळे.

महाराष्ट्राला अशी सवलत देण्याचं वावडं नाही. २००१च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणात राज्याने वाइनला उत्पादन शुल्कातून सूट दिली आणि नाशिकभोवती वायनरी उभ्या राहिल्या. तेव्हा कारण शेतकऱ्याचं होतं आणि ते खरंही होतं. बिअरकडे सरकार पाहतं ते मात्र निव्वळ महसुलाच्या चष्म्यातून. ऑक्टोबर २०२३ मध्ये बिअरवरच्या शुल्काचा विचार करायला अभ्यासगट नेमला गेला, तो शुल्क वाढवूनही अपेक्षित महसूल का येत नाही या काळजीपोटी. जून २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क उत्पादन मूल्याच्या तिपटीवरून साडेचार पटीवर नेलं, त्यातून बिअर आणि वाइन वगळली. चांगलं केलं. पण वगळताना साडेतीन टक्के आणि आठ टक्के असा भेद कुणी केला नाही. लोक किती पितात याची आकडेमोड होते. ते काय पितात, किती तीव्र पितात, हा प्रश्न फायलीत येतच नाही.

हलक्या बिअरला शुल्कात सवलत देण्याच्या मागणीला विरोध होईल आणि तो ऐकून घेतला पाहिजे. महाराष्ट्रात दारूचा प्रश्न सर्वात आधी बायकांनी ओळखला. गावोगाव मतदान करून, ‘आडव्या बाटली’वर शिक्का मारून त्यांनी दुकानं बंद पाडली. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, त्यामागे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यासह हजारो लोकांचं आंदोलन आहे. २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय झाला तेव्हा अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला आणि तो निर्णय अडकला. जागतिक आरोग्य संघटनेने तर जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलं, की मद्याचं कुठलंही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही. गोल्डन एलही याला अपवाद नाही. हलकी म्हणून दोनाऐवजी पाच ग्लास पिणारेही निघतील, आणि ‘बिअरच तर आहे’ म्हणत कॉलेजातली पोरं तिच्यापासून सुरुवात करतील, ही भीती खोटी नाही.

तरीही या युक्तिवादात एक जागा मोकळी राहते. दारूबंदी नसलेल्या जिल्ह्यांत बिअर आजही विकली जातेच आणि सरकार त्यातून पैसे मिळवतंच. मग विकली जाणारी बाटली ५२ मिलिलिटर मद्यार्काची असावी की १३, एवढाच प्रश्न उरतो. त्याचं उत्तर देताना दारूविरोधी कार्यकर्ता आणि बिअरचा दर्दी एका बाजूला उभे राहू शकतात. कायद्याला हा भेद अगदीच अनोळखीही नाही. सौम्य बिअरसाठी वयाची अट २१ आणि कडक मद्यासाठी २५, असा फरक राज्यात आहेच. वयाच्या अटीत जे तत्त्व मान्य आहे, ते शुल्कात का नको?

पाण्याचा मुद्दा याहून अवघड आहे. महाराष्ट्रातल्या बिअरचं मोठं उत्पादन होतं छत्रपती संभाजीनगरभोवतीच्या औद्योगिक वसाहतींत, म्हणजे मराठवाड्यात. एक लिटर बिअर बनवायला कारखान्यात साधारण तीन ते पाच लिटर पाणी लागतं, शेतातलं वेगळं. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागत होतं, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात आधी ५० आणि मग ६० टक्के कपात करायला लावली. ती योग्यच होती. बिअर हलकी केल्याने पाणी वाचत नाही, उलट त्याच मद्यार्कासाठी जास्त बाटल्या लागतील. हलक्या बिअरची बाजू घेणाऱ्याने ही गोष्ट लपवू नये. दुष्काळाच्या वर्षी कारखान्याआधी माणसाच्या घागरीचा नंबर लागतो आणि तिथे चवीचा कुठलाही युक्तिवाद चालत नाही. कारखान्यांना पाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची सक्ती हवी आणि त्याचे आकडे दरवर्षी जाहीर व्हावेत.

ऋतूप्रमाणे हलकं पिण्याची रीत इथे परकी नाही. गोव्यात मार्च ते मे काजूच्या बोंडांचा हंगाम असतो आणि तेव्हा उर्राक निघतो. पहिल्या ऊर्ध्वपातनाचा हा उर्राक साधारण पंधरा टक्क्यांचा, फेणीच्या निम्म्याहूनही सौम्य. लिंबू पिळून, भरपूर सोडा घालून दुपारी पितात आणि हंगाम संपला की तो विषयही संपतो. वर्षभर साठवून ठेवायची त्याची प्रकृतीच नाही. ताज्या, न गाळलेल्या गोल्डन एलचंही असंच आहे. ती जितकी लवकर आणि जितकी भट्टीजवळ प्यावी तितकी चांगली. ट्रकमध्ये चार दिवस तापलेली बाटली आणि टाकीतून नळाला आलेला ग्लास यांची तुलनाच होत नाही.

राज्य सरकारने पुढच्या शुल्क फेरआढाव्यात तीन गोष्टी कराव्यात. बिअरवरचं शुल्क दोन कप्प्यांऐवजी मद्यार्काच्या टक्क्यांप्रमाणे चढतं ठेवावं आणि साडेतीन टक्क्यांखाली ठसठशीत सूट द्यावी. वर्षाला ठरावीक मर्यादेखाली बिअर बनवणाऱ्या लहान भट्ट्यांना वेगळा दर द्यावा. आणि बाटलीवर नुसते टक्के न छापता त्या बाटलीत एकूण किती मिलिलिटर शुद्ध मद्यार्क आहे हे ठळक अक्षरांत छापणं बंधनकारक करावं. महसूल बुडेल असं वाटत असेल तर स्ट्राँगवरचा दर तेवढा वाढवावा. पिणाऱ्यांनीही या उन्हाळ्यात मायक्रोब्रुअरीच्या फळ्यावर बिअरच्या नावाआधी तिचे टक्के वाचावेत, लहान ग्लास मागावा आणि वेटरला सांगावं, की ग्लास बर्फात ठेवू नका.